बोडीच्या (गावतळ्याच्या) काठी माड कुठून आला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत शाळकरी मुलांची निसर्गचित्रे छापून येतात, हे चांगलेच आहे. आम्ही ती कापून वर्गात लावतो आणि चुका दाखवायलाही तीच वापरतो, म्हणून हे पत्र. पूर्व विदर्भातल्या पोरांनी काढलेला 'आमच्या गावचा तलाव' बहुतेक वेळा असा दिसतो: मागे दोन त्रिकोणी डोंगर, मधून वर येणारा सूर्य, खाली गडद निळे पाणी, त्यावर एकाच मापाच्या नागमोडी रेघा, एक शिडाची होडी आणि काठावर वाकलेला माड. भंडारा-गोंदियाकडच्या तलावावर शिडाची होडी नसते, डोंगा (लाकूड कोरून केलेली नाव) असतो. माड तर नाहीच. पाण्याजवळ शिंदी असते, पाळीवर (तलावाच्या बांधावर) मोह, आंबा, जांभूळ. म्हणजे हे चित्र तलावावर पाहिलेले नाही, नमुन्याच्या पुस्तकातून उचललेले आहे. माड खोडून शिंदी काढता येते, त्याचे एवढे काही नाही. खरी अडचण निळ्या पाण्याची आहे. ती चूक मोठेपणीही हातातून जात नाही, आणि गावोगावच्या स्पर्धांत परीक्षकही तिलाच पहिला नंबर देऊन मोकळे होतात.

तलावाच्या काठाशी उभे राहून पायाशी पाहिले तर तळाची गाद, शेवाळ, शिंगाड्याचे बुडालेले देठ दिसतात. नजर हळूहळू लांब नेली की तळ दिसेनासा होतो आणि त्या जागी आकाश येते. पाणी तेच, फक्त नजर तिरपी झाली. याचे गणित पक्के आहे. अगदी सरळ खाली पाहिले तर पाणी वरच्या उजेडाचा जेमतेम २ टक्के भाग परत देते. डोळा पाण्यापासून ५ फूट उंच असेल तर ५ फुटांवरचे पाणी ३ टक्क्यांच्या आसपास, ३० फुटांवरचे सुमारे एक तृतीयांश आणि ६० फुटांपलीकडचे निम्म्याहून जास्त आकाश परत देते. म्हणून चित्रातल्या पाण्याला वरपासून खालपर्यंत एकच रंग देणे मुळातच चूक ठरते. लांबचे पाणी म्हणजे जवळपास आकाश, पायाजवळचे पाणी म्हणजे बराचसा तळ, आणि मधले दोन्हींची मिसळ.

लोणारचे उदाहरण घ्या. जून २०२० मध्ये तिथले पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुष्कळांनी आख्खे सरोवर गुलाबी रंगाने सपाट भरून टाकले. पण विवराच्या कड्यावरून पाहताना जवळच्या काठाचे पाणी बऱ्यापैकी वरून दिसते, तिथे त्याचा स्वतःचा रंग उठतो. पलीकडच्या काठाकडे नजर तिरपी होते, तिथे गुलाबी पाण्यावरही आकाश चढते. खाली उतरून काठाशी उभे राहिले की आकाशाचा वाटा आणखी वाढतो. सरोवर एक आणि चित्रे दोन, असे तिथे सहज होते. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहमान कोटितीर्थाच्या एकाच तलावाकडे पुन्हा पुन्हा का वळले, ते यावरून थोडे लक्षात येईल.

गढूळ पाण्याचे तंत्र निराळे. ऑगस्टमधली वैनगंगा यलो ऑकरमध्ये (मातकट पिवळा) थोडा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घालून येणाऱ्या रंगाची असते. पाण्यात तरंगणारे मातीचे कण उजेड उधळतात, त्यामुळे पाण्याचा स्वतःचा रंग दाट लागतो आणि प्रतिबिंब फिके पडते. तरी लांबवर आकाशाची झाक येतेच. आणखी एक गोष्ट केवळ गढूळ पाण्यावर दिसते, ती म्हणजे सावली. स्वच्छ पाण्याच्या पृष्ठभागावर सावली ठरत नाही, ती आत उतरते, गढुळावर ठरते. म्हणून पुराच्या पाण्यातल्या झाडाची सावली सूर्य असेल त्याच्या उलट बाजूला पडते आणि प्रतिबिंब मात्र सरळ आपल्याकडे येते. मुले दोन्हींना 'सावली'च म्हणतात आणि प्रतिबिंबही सूर्याप्रमाणे तिरपे काढतात. प्रतिबिंबाला सूर्याशी काही देणेघेणे नाही. ते नेहमी वस्तूच्या बरोबर खाली, उभे येते.

प्रतिबिंबाबद्दल अजून थोडे, कारण सगळ्यात जास्त चित्रे इथेच बिघडतात. कागद मधोमध दुमडून ठसा उमटवावा तसे प्रतिबिंब काढले जाते. ते फक्त पाण्यातूनच वर आलेल्या वस्तूला लागू पडते: रोवलेला खांब, पाण्यात उभे वाळके झाड, डोंगा. काठापासून मागे, उंचावर उभ्या झाडाचे माप पाण्याच्या पातळीपासून धरावे लागते, झाडाच्या बुंध्यापासून नव्हे. पाळ १५ फूट उंच आणि तिच्यावर मोह असेल, तर पाण्यात आधी पाळीची उलटी उतरण दिसते आणि तिच्या खाली मोहाचा शेंडा. बुंधा आणि खोडाचा खालचा भाग पाळीच्या प्रतिबिंबामागे लपतो. मागच्या डोंगराचे तर काठावरच्या झाडीमागे पाण्यात टोक तेवढे दिसते, कधी तेही नाही. पाण्यातले दृश्य हे पाण्याच्या पातळीखालून वर पाहिल्यासारखे असते, म्हणून पुलाची खालची बाजू वर दिसत नसली तरी पाण्यात दिसते.

खांब डावीकडे कलला असेल तर प्रतिबिंबही डावीकडेच कलते. आपल्याकडे झुकलेल्या खांबाचे प्रतिबिंब खांबापेक्षा लांब दिसते, पलीकडे झुकलेल्याचे आखूड. रंगाचे म्हणाल तर गडद वस्तू पाण्यात किंचित उजळ होते आणि उजळ वस्तू किंचित गडद. पांढरा बगळा काठावर कोऱ्या कागदाचा ठेवला, तर पाण्यातला बगळा फिक्या राखी रंगाचा हवा. दोन्ही सारखेच पांढरे सोडले की पाणी नाहीसे होते आणि दोन बगळे उरतात. वाऱ्याची बारीक लहर असली की प्रतिबिंब उभे लांबते, आडवे पसरत नाही. प्रत्येक लहर आरशाच्या तुकड्यासारखी थोडी वर, थोडी खाली कलते आणि तोच शेंडा अनेक ठिकाणी दाखवते. म्हणून आधी प्रतिबिंब उभ्या फटकाऱ्यांनी भरावे, मग आडव्या दोन-तीन रेषांनी तोडावे. पहिल्यापासून आडव्या नागमोडी रेघा मारत सुटले तर सतरंजी होते.

आता पाणी 'आडवे' का पडत नाही, ते पाहू. हात लांब करून कागद डोळ्यांपासून २४ इंचांवर धरला आहे असे समजा. काठाशी उभे राहून डोळा पाण्यापासून ५ फूट वर असेल, तर १०० फुटांपासून १,००० फुटांपर्यंतचे सगळे पाणी त्या कागदावर जेमतेम १ इंचाच्या पट्टीत मावते. १५ फूट उंच पाळीवर चढले, म्हणजे डोळा २० फुटांवर नेला, की तेच पाणी सव्वाचार इंचांवर जाते. त्यातही ५०० ते १,००० फूट हा लांबचा भाग अर्ध्या इंचाहून कमी जागा घेतो. तिथे लाटा काढायला जागाच नाही. एक शांत फिका पट्टा, बस्स. लाटेचे माप जवळ बोटाएवढे आणि लांब केसाएवढे असते, मध्ये ते भराभर घटते. तीच गोष्ट काठाच्या वळणांची. तलावाचा काठ नकाशात कितीही वाकडातिकडा असला तरी पलीकडचा काठ चित्रात जवळजवळ सरळ आडवी रेघ होतो. मुले नकाशातले वळण चित्रात आणतात, मग पाणी एका बाजूला घरंगळते. पट्टीने तपासा: पाण्याची लांबची रेघ कागदाच्या डाव्या कडेला तळापासून ४ इंचांवर असेल तर उजव्या कडेलाही ४ इंचांवरच हवी. इथे सूतभर चूकही दिसते.

कमळाची पाने याच नियमाने चालतात. पायाजवळचे पान गोलसर, मधले लंबगोल, लांबचे निव्वळ चपटी रेघ. पान पाण्यावर आडवे पडलेले असते, त्यामुळे वरचा उजेड थेट घेते आणि भोवतीच्या गडद पाण्यापेक्षा उजळ लागते. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याने जिवर्नीच्या आपल्या तळ्याची जी चित्रे केली, त्यांतल्या पुष्कळ चित्रांत आकाश काढलेलेच नाही, काठही नाही. आकाश फक्त पाण्यात, पानांच्या मधल्या फटींतून दिसते. नवेगावबांधला किंवा गावच्या कोणत्याही कमळाच्या बोडीवर हा प्रयोग करण्यासारखा आहे. पानांच्या कडा नीट सांभाळल्या तर पाणी वेगळे रंगवावे लागत नाही.

काठ मात्र बारकाईने पाहावा लागतो. काळ्या रंगाने एक रेघ ओढली की काठ झाला, असे नाही. मार्च-एप्रिलमध्ये पाणी आटत जाते तेव्हा तलावाच्या उथळ बाजूला जाऊन बसा. सगळ्यात बाहेर वाळलेली, तडकलेली गाद, रंगाने फिकी राखी. तिच्या आत ओलसर पट्टा, तीच माती पण दुप्पट गडद, कारण मातीत शिरलेले पाणी उजेड आतच अडकवते. त्याच्या आत बोटभर पाण्याची साय असलेला पट्टा. माती तीच, पण तिच्यावर आकाश उतरलेले, म्हणून पुन्हा उजळ. आणि मग खरे पाणी. फिका, गडद, उजळ असे हे तीन पट्टे पायाजवळ रुंद असतात आणि लांब जाता जाता एकमेकांत मिटून जातात. ओलसर पट्ट्यात म्हशींच्या खुरांचे ठसे उमटलेले असतात आणि प्रत्येक ठशात पाणी साचून आकाशाचा एकेक तुकडा चमकतो. असे चार-पाच ठसे, जवळ मोठे, लांब चपटे, नीट टिपले तर जमीन आपोआप सपाट पडते आणि ओलही दिसते. त्यासाठी वेगळा पांढरा लागत नाही, तेवढा कागद कोरा ठेवायचा.

मातीचा रंग जिल्ह्यागणिक बदलतो, हे विसरू नये. पूर्णेच्या, वर्धेच्या काठची काळी माती अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएनाच्या दाट मिश्रणातून मिळते, ट्यूबमधल्या काळ्यातून नाही. काळ्या रंगाने काठाला भोक पडल्यासारखे दिसते. वैनगंगेच्या रेतीला अगदी पातळ यलो ऑकर पुरतो.

आकाशाबद्दल थोडक्यात. ते वर गडद आणि क्षितिजाकडे फिके असते. पायाजवळचे पाणी उंचावरचे आकाश परत देते, लांबचे पाणी क्षितिजाजवळचे. म्हणून आकाश खाली फिके होत येते तसे पाणी वर फिके होत जाते, आणि दोन्ही फिके भाग पलीकडच्या काठाशी भेटतात. मे महिन्यातले आपले आकाश निळे नसतेच. धुरळ्याने ते पांढुरके, क्षितिजाजवळ मातकट होते. तिथे कोबाल्ट निळा ओतला तर चित्र विदर्भाचे राहत नाही. पावसाळी ढगांचे तळ साधारण एकाच उंचीवर सपाट असतात आणि क्षितिजाकडे ढग लहान, चपटे, दाटीवाटीचे होत जातात. सगळे ढग एका मापाचे काढले की कापसाचे बोंड टांगल्यासारखे दिसतात.

प्रत्यक्ष काम कसे करावे? ११ बाय १५ इंचांचा ३०० ग्रॅमचा जलरंगाचा कागद घ्यावा. शाळेतला पातळ कार्ट्रिज कागद वापरायचा असेल तर तो आधी ८-१० मिनिटे भिजवून, पाटावर चारही कडांना गोंदपट्टीने चिकटवून पुरता वाळू द्यावा, नाही तर वॉश (पातळ रंगाचा थर) देताच फुगतो आणि खळग्यांत रंग साचतो. पाटाखाली विटेचा तुकडा ठेवून किंचित उतार द्यावा. पेन्सिलीने फक्त पाण्याची लांबची रेघ आणि काठाची मुख्य वळणे. आकाशाचा रंग वाटीत आधीच कालवून ठेवावा. एवढ्या कागदाला किमान ३-४ चमचे लागतो. मध्येच रंग संपला आणि पुन्हा कालवायला घेतला की तिथे पट्टा पडलाच म्हणून समजा.

एक इंची चपट्या ब्रशने पूर्ण कागद स्वच्छ पाण्याने ओला करा. लांबच्या काठाच्या वर-खाली पातळ यलो ऑकर फिरवा. मग वरून निळा घेऊन खाली येताना पाणी वाढवत फिका करा. पाट उलटा फिरवा आणि पाण्याचा भागही तसाच, तळाकडून काठाकडे फिका करत या; फक्त रंगात चिमूटभर बर्न्ट सिएना घाला, म्हणजे पाणी आकाशापेक्षा थोडे मळके राहते. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, तेव्हा ओला असताना जरा जास्तच गडद वाटला पाहिजे. कागदावरची चकाकी गेली पण हाताच्या मागच्या बाजूला गारवा लागतो, अशा वेळी लांबची झाडी ठेवा आणि लगेच तिचे प्रतिबिंब उभे खाली ओढा. याच क्षणी घोळ होतो. ब्रशमध्ये कागदापेक्षा जास्त पाणी असेल तर ते आधीच्या रंगाला ढकलते आणि फुलकोबीसारखा डाग उमटतो. ब्रश प्रत्येक वेळी फडक्यावर टेकवून घ्या. डाग पडलाच तर ओल्यात खरवडत बसू नये, वाळल्यावर ओलसर ब्रशने कडा पुसून काढाव्यात.

प्रतिबिंब अर्धवट ओले असताना, धुऊन पिळलेल्या चपट्या ब्रशच्या धारेने एक आडवी रेघ उचलून घ्या. तीच वाऱ्याची झुळूक. एक किंवा दोन. पाच उचलल्या की पायऱ्या दिसू लागतात. उन्हाची चमक हवी असेल तर खरखरीत कागदावर, पहिला वॉश पूर्ण वाळल्यावर, जवळजवळ कोरडा ब्रश आडवा धरून झपकन फिरवा. कागदाचे खळगे कोरे राहतात, तीच चमक. जवळचा काठ, शिंदी, गवत, डोंगा सगळ्यात शेवटी. पोस्टर कलर वापरणाऱ्यांनी उजळपणासाठी जिथे तिथे पांढरा मिसळू नये, पाणी खडूसारखे कोरडे दिसते.

आपल्याकडच्या दोन अडचणी पुस्तकांत सापडत नाहीत. एक उन्हाची. एप्रिल-मेमध्ये दहा वाजता वॉश द्यायला बसलात तर अर्धे आकाश होईपर्यंत वरचा भाग वाळतो आणि मध्ये कडक कड धरते. सकाळी साडेसहा ते साडेआठ हीच वेळ बरी. कागद मागूनही ओला करावा, पेलाभर पाण्यात ग्लिसरिनचे ४-५ थेंब टाकावेत. जास्त टाकले तर रंग चिकट राहतो आणि पावसाळ्यात वाळतच नाही. दुसरी अडचण खाऱ्या पाण्याची. अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात विहिरीच्या पाण्याने वॉश दिला तर अल्ट्रामरीनचे कण गोळा होऊन आकाश दाणेदार होते आणि वाळल्यावर कधी पांढुरकी झाक येते. मुलाला वाटते आपला हात चुकला. चुकलेले असते पाणी. पावसाचे साठवलेले किंवा मशीनचे शुद्ध पाणी बाटलीतून न्यावे.

शासकीय रेखाकला परीक्षेच्या स्मरणचित्रात नदीकाठ किंवा घाट आला की तोच माड, तोच सूर्य पुन्हा उगवतो. स्पर्धांच्या परीक्षकांनी निदान दोन गोष्टी तपासाव्यात: पाण्याची लांबची रेघ आडवी आहे का, आणि पाण्यात आकाशाचा रंग आला आहे का. रंग भडक आहे की नाही, हे नंतर पाहिले तरी चालेल.

आणि एक विनंती आपल्याला. पुरवणीत जागा कमी पडली की मुलांची चित्रे खालून कापली जातात. वर आकाश शाबूत राहते आणि पायाजवळचा गडद पाण्याचा पट्टा जातो. नेमका त्याच पट्ट्यामुळे मागचे पाणी लांब पडते. तो गेला की नीट काढलेले चित्रही भिंतीसारखे उभे दिसते. त्यातून वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते आणि क्षितिजाजवळची फिकी ऑकर मळकी होते. कापायचेच असेल तर वरून, आकाशातून कापा. आणि छापण्याआधी चित्र जरा उजळ करून घेतले तर पोरांचा फिका पट्टा वाचेल.

आपले,
काही कलाशिक्षक,
साकोली, जि. भंडारा